एका किड्यावर गेको पोसू नये

लेपर्ड गेको पाळणाऱ्यांमध्ये दोन तट पूर्वीपासून आहेत : एक रातकिड्यांचा, दुसरा मीलवर्मचा. अलीकडे डुबिया झुरळांचा तिसरा तटही जोर धरू लागला आहे. तिघांचाही दावा सारखाच असतो. आमचा किडा सर्वांत चांगला, तोच लावा आणि निर्धास्त राहा. पण सर्वांत चांगला म्हणावा असा एकच किडा मुळात नाही. विकत मिळणाऱ्या प्रत्येक किड्यात काही ना काही उणे असते, आणि एकाचे उणे दुसऱ्यात असेलच असे नाही. म्हणून गेकोला दोन-तीन प्रकारच्या किड्यांची सवय असावी. ही सवय अडचण आल्यावर लावू म्हटले तर फार उशीर झालेला असतो. प्राणी धडधाकट आहे, नेमाने खातो आहे, तेव्हाच ती लावून घ्यावी. किडा निवडण्याचा आणि बदलण्याचा सारा विचार या एका मुद्द्याभोवती फिरतो.

आधी हा प्राणी कोणता ते पाहू. लेपर्ड गेको हा पालीसारखा सरपटणारा प्राणी, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. आज अमेरिका, युरोप, ब्रिटन इथल्या घरांत दिसणारे गेको पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेले आहेत; त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी तो येऊन पोचतो. त्याचे जवळचे नातलग आपल्याकडे, महाराष्ट्र-गुजरातच्या माळरानांत आणि सातपुड्यात राहतात. सातपुड्यातल्या प्रजातीला तर शास्त्रीय नाव 2014 मध्ये मिळाले. रानातला असा प्राणी पकडून घरी ठेवण्याचा विचारही करू नये. भारतात परदेशी प्राण्यांसाठीही कायदा आणि नोंदणीचे नियम आहेत, ते आधी नीट पाहून घ्यावेत. पुढचे विवेचन लेपर्ड गेकोसारख्या, फक्त कीटकांवर जगणाऱ्या प्राण्यासाठी आहे. क्रेस्टेड गेको फळांच्या गरावरही जगतो, त्याला तयार भुकटीचा आहार चालतो आणि किडे वरकड म्हणून पुरतात; त्याचे गणित निराळे.

अमेरिकी पोषणशास्त्रज्ञ मार्क फिंके यांनी 2002 मध्ये प्राण्यांना खाऊ घालण्याच्या किड्यांचे सविस्तर पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यातले आकडे जवळ ठेवले तर तटांचे भांडण बरेचसे मिटते. जिवंत किड्याच्या वजनाशी तुलना केली तर मोठ्या रातकिड्यात साधारण 20 टक्के प्रथिने आणि 7 टक्के चरबी असते. मीलवर्म, म्हणजे पिठात होणाऱ्या काळ्या भुंग्याची अळी, हिच्यात प्रथिने जवळपास तेवढीच, पण चरबी सुमारे 13 टक्के. तिचीच मोठी बहीण शोभावी अशी सुपरवर्म 18 टक्क्यांच्या घरात जाते. मेणकिड्याची अळी, जिला वॅक्सवर्म म्हणतात, ती 25 टक्क्यांपर्यंत चरबीने भरलेली असते आणि प्रथिने मात्र 14 टक्केच. रेशमाच्या अळीत चरबी नावाला, पाणी मात्र 80 टक्क्यांहून जास्त. म्हणजे रातकिडा आणि वॅक्सवर्म हे दोन्ही ‘किडे’ असले तरी त्यांच्यातला फरक भाकरी आणि श्रीखंड यांच्यातल्या फरकाएवढा आहे. श्रीखंड वाईट नसते. ते रोज दोन्ही वेळा ताटात वाढणे वाईट.

यापेक्षा गंभीर गोष्ट कॅल्शियमची आहे. गेकोच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे असे मानतात. प्रत्यक्षात एक किलो रातकिड्यांत कॅल्शियम साधारण 400 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 3000 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मीलवर्ममध्ये कॅल्शियम 170 आणि फॉस्फरस 2850. हवे त्याच्या अगदी उलटे प्रमाण. किड्याचा सांगाडा बाहेरून असतो आणि तो कायटिनचा असतो, हाडांचा नव्हे. त्यामुळे त्याच्या अंगात चुन्याचा साठा असण्याचे कारणच नाही. गेकोला मात्र हाडे आहेत. आहारातून कॅल्शियम मिळेना की त्याचे शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून ते उपसू लागते. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, पोट उचलून चालणारा प्राणी फरपटत चालू लागतो. या कमतरतेतून सुटलेला ठळक अपवाद म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी. तिच्या अंगावर कॅल्शियमचा थर असतो, आणि किलोमागे 9000 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम तिच्यात सापडले आहे. मग तीच एक का लावू नये? तिची कातडी चिवट असते. न चावता गिळली गेली तर ती बरीचशी तशीच बाहेर पडते. बेडकांवरच्या एका अभ्यासात अख्ख्या अळ्यांपेक्षा चेचलेल्या अळ्यांतली खनिजे कितीतरी जास्त अंगी लागली. शिवाय गेकोला ती लहान आणि मंद वाटते, आणि अनेक गेको तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

तेव्हा कॅल्शियम बाहेरून द्यावेच लागते, आणि ते दोन वाटांनी. पहिली वाट किड्याच्या पोटातून जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते : किडा हा पोहरा, आणि त्याला तुम्ही काय खाऊ घालता तो आड. दुकानातून आलेले रातकिडे बहुधा उपाशी असतात. असा पोकळ किडा गेकोने खाल्ला तर त्याला टरफल आणि थोडे मांस एवढेच मिळते. गेकोला देण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना भरपूर कॅल्शियमचे कोरडे खाद्य आणि पाण्यासाठी गाजर किंवा रताळ्याचे काप ठेवावेत. नुसते ओट्स आणि गाजर पुरत नाही. किड्याच्या पोटातून खरोखर फरक पडायचा तर कोरड्या खाद्यात कॅल्शियम 8 टक्क्यांच्या आसपास लागते, म्हणून त्यासाठी बनवलेले तयार खाद्यच घ्यावे. पालक मात्र टाळावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. दुसरी वाट भुकटीची. झाकणाच्या छोट्या डबीत चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घ्यावे, चार-पाच किडे सोडावेत आणि डबी दोनदा हलक्या हाताने फिरवावी. पोळी लाटण्याआधी गोळा पिठीत बुडवून झटकतो, तेवढीच भुकटी अंगावर राहायला हवी. पांढरा फट्ट झालेला किडा गेको तोंडात घेऊन टाकून देतो. रातकिडा मिशा-पाय साफ करत भुकटी झाडून टाकतो, म्हणून घोळवल्यावर लगेच द्यावा. आणि एक महत्त्वाचे : पानाच्या डब्यातला चुना इथे कधीही वापरू नये. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजतो. डी-3 मिसळलेली भुकटी रोज देऊ नये, कारण हे जीवनसत्त्व जास्त झाले की शरीरातून सहज निघून जात नाही. पेटीत यूव्हीबी दिवा असेल तर साधी भुकटी मुख्य ठेवून डी-3 किती द्यायचे ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता निवड सोपी होते, कारण प्रत्येक किड्याला त्याचे काम नेमून देता येते. रोजच्या जेवणाला रातकिडा किंवा डुबिया झुरळ, यांपैकी जे तुमच्याकडे सहज मिळते ते. डुबिया उडत नाही, ओरडत नाही, गुळगुळीत काचेवर चढत नाही आणि एका घासात जास्त मांस देते. पण ते संधी मिळताच मातीत घुसून बसते, म्हणून चिमट्याने किंवा उभ्या कडांच्या वाटीतून द्यावे. काही देशांत डुबिया ठेवायला बंदी आहे, कॅनडा त्यांपैकी एक. तिथल्या वाचकांनी तो विषय सोडून द्यावा. मीलवर्म हा दुसरा आधार : वाटीत राहतो, फ्रिजमध्ये टिकतो, स्वस्त असतो. चरबी जास्त असल्याने प्रौढ आणि जाड शेपटीच्या गेकोला मोजूनच द्यावा. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी आणि रेशमाची अळी आठवड्यातून एकदा बदल म्हणून. आजारातून उठलेल्या किंवा कोरड्या पडलेल्या प्राण्याला रेशमाच्या अळीतले पाणी विशेष उपयोगी पडते. सुपरवर्म फक्त पूर्ण वाढलेल्या गेकोसाठी, क्वचित. वॅक्सवर्म महिन्यातून एक-दोन, किंवा वजन घटलेल्या प्राण्याला डॉक्टरांच्या सांगण्यावरून. किड्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको, हा नियम सगळ्यांना सारखा लागू. पिल्लांना रोज, प्रौढांना दोन-तीन दिवसांतून एकदा, एवढे पुरे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांकडूनच येतो. आमचा गेको दहा वर्षे फक्त मीलवर्म खातो आणि ठणठणीत आहे, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप खोटा नाही. पोट भरलेले, भुकटी लावलेले मीलवर्म खाऊन गेकोच्या पिढ्या वाढल्या आहेत, आणि मीलवर्म पोट कुरतडून बाहेर येतो ही तर निव्वळ दंतकथा आहे. पण ते ठणठणीतपण कुणाच्या बळावर आहे ते नीट पाहा. ते भुकटीच्या आणि किड्याच्या खाद्याच्या बळावर आहे. ज्या दिवशी भुकटीची शिस्त ढिली पडते, त्या दिवसापासून त्या एका किड्याचे सारे उणे गेकोच्या हाडांवर पडते आणि काही महिन्यांनीच दिसते. चरबीचेही तसेच. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो, म्हणून जाड शेपटी चांगलीच दिसते. पण शेपूट मानेहून खूप जाड झाली, पोट जमिनीला टेकू लागले, की चरबी यकृतापर्यंत पोचलेली असू शकते. शिवाय दहा वर्षे एकच किडा खाल्लेला गेको दुसऱ्या किड्याला अन्न म्हणून ओळखायलाच तयार नसतो, आणि हा धोका आहारातल्या उणिवेपेक्षाही जास्त आहे.

तो धोका काल्पनिक नाही. घरगुती रातकिड्यांना होणारा डेन्सोव्हायरस युरोपात 1970च्या दशकापासून माहीत होता. 2009-10च्या सुमारास तो उत्तर अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्ममध्ये शिरला. किडे उलटे पडून पाय झाडत मरू लागले, मोठमोठ्या फार्मचा सारा साठा गेला, काही धंदे बुडाले, आणि दुकानांत रातकिडा मिळेनासा झाला. गेकोला या विषाणूची बाधा होत नव्हती. त्याच्या ताटातले अन्न मात्र एकाएकी नाहीसे झाले. पुढे अनेक उत्पादक या विषाणूला दाद न देणाऱ्या पट्टेरी रातकिड्याकडे वळले. ज्यांच्या गेकोला आधीपासून दुसरा किडा परिचित होता, त्यांना त्या काळात फक्त खरेदीची यादी बदलावी लागली. ज्यांच्या गेकोला नव्हता, त्यांना टंचाईच्या ऐन भरात सवय बदलण्याचा प्रयोग करावा लागला. साथ नसली तरी हेच प्रसंग लहान प्रमाणात येत राहतात : कडाक्याच्या थंडीत टपालातून येणारे किडे वाटेतच मरतात, घर बदलले की जुने दुकान लांब राहते, घरातल्या कुणाला झुरळांची ॲलर्जी निघते.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावाने येतो. रानात गेको जे मिळेल ते खातो, मग आपणही अंगणातले किडे का देऊ नयेत? रानातली विविधता हाच तर या लेखाचा आधार आहे : कोळी, भुंगे, नाकतोडे, विंचूसुद्धा त्याच्या पोटात जातात. पण अंगणातला किडा कुठून फिरून आला हे आपल्याला कळत नाही. स्वयंपाकघरातले झुरळ कदाचित कालच विषारी जेल चाखून आलेले असते, बागेतली अळी फवारणीतून निसटलेली असते, आणि रानातल्या किड्यांबरोबर परजीवीही येतात. कचऱ्याच्या ओल्या खतात माजणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांबाबतही तोच प्रश्न : त्या कशावर पोसल्या ते ठाऊक नसते. काजवा तर सरळ विषच समजावा. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते, आणि ते खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या घटना पशुवैद्यकांनी नोंदवल्या आहेत. विविधता हवी, पण ती पोसलेल्या किड्यांमधली.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : तो नवा किडा खातच नाही, त्याला उपाशी मारू का? नाही. बदलाची सगळी कला इथेच आहे. आधी गेको जुने अन्न नीट खातो आहे, वजन स्थिर आहे आणि विष्ठा गडद, घट्ट, टोकाला पांढऱ्या युरेटची आहे, हे दोन आठवडे पाहून घ्यावे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा याला पुरतो. वजन दर आठवड्याला एकाच वेळी करून लिहून ठेवावे. कात टाकण्याचे दिवस, हिवाळा, नराचा विणीचा हंगाम, मादीचा अंड्यांचा काळ या वेळी गेको एरवीही खाणे सोडतो. तेव्हा बदल सुरू केला तर दोष कुणाला द्यायचा तेच कळणार नाही. पेटीतल्या उबदार जागेचा पृष्ठभाग 32 अंश सेल्सियसच्या आसपास आहे का तेही तापमापकाने तपासावे. थंड पोटात कोणताच किडा पचत नाही, आणि पुष्कळदा कवच जाड म्हणून ज्या किड्याला दोष दिला जातो, त्याचा खरा अपराधी गार पडलेली पेटी किंवा रिकामे पाण्याचे भांडे असते.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नवा किडा आणायचा तर भुकटी, वाटीची जागा, जेवणाची वेळ सारे जुनेच ठेवावे. लेपर्ड गेको संध्याकाळच्या अंधुक उजेडात शिकारीला निघतो. तीच वेळ धरावी. भूक असताना, म्हणजे एक जेवण चुकवून, पहिला घास नव्या किड्याचा द्यावा आणि लगेच मागून जुना. नवा किडा बोथट टोकाच्या चिमट्यात धरून गेकोच्या तोंडासमोर नव्हे, तर थोडा बाजूला, जमिनीलगत हळू हलवावा. त्याच्याकडे नीट पाहा : डोके खाली जाते, शेपटीचे टोक सापासारखे वळवळू लागते, मग तो जिभेने किड्याला एकदा चाटून पाहतो. इथे घाई करू नये. हे चाटणे म्हणजे वासाची ओळख, आणि बहुतेक नकार याच क्षणी येतात. म्हणून नवा किडा आधी जुन्या किड्यांच्या डब्यात तासभर ठेवला, किंवा जुन्या किड्याच्या अंगाला घासून घेतला, तर ओळख सोपी होते. पहिल्या आठवड्यात दर जेवणात एक नवा किडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात निम्मे, असे वाढवत जावे. पोटातले जीवाणूही या काळात नव्या अन्नाला सरावतात. एकदम पूर्ण बदल केला तर पातळ विष्ठा होते आणि आपण नव्या किड्याला नावे ठेवतो. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत, भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडतात.

हट्टाला मर्यादा हवीच. प्रौढ, गुबगुबीत गेकोने आठवडा-दहा दिवस तोंड फिरवले तरी घाबरायचे कारण नाही. शेपटीतला साठा त्यासाठीच असतो. पिल्लाला मात्र दोन-तीन दिवसांहून जास्त वाट पाहायला लावू नये, जुने अन्न परत द्यावे आणि पंधरवड्याने पुन्हा प्रयत्न करावा. मधली दारे उघडी ठेवली की प्रयत्न फसला तरी नुकसान होत नाही. पण वजन 10 टक्क्यांनी घटले, म्हणजे 60 ग्रॅमचा गेको 54 वर आला, शेपूट काडीसारखी होऊ लागली, विष्ठा सतत पातळ राहिली किंवा जबडा मऊ लागला, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. शेपूट वाळत जाण्यामागे क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी असू शकतो, आणि त्याच्या निदानासाठी विष्ठा तपासून घ्यावी लागते. वॅक्सवर्मचे लाड करून वजन भरून काढण्याआधी डॉक्टर गाठावा.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि व्यापाचा : तीन-तीन प्रकारचे किडे कोण सांभाळणार? तिन्ही एकदम बाळगायची गरज नाही. एक मुख्य, एक पर्यायी, आणि तिसरा महिन्या-दोन महिन्यांनी थोडासा, एवढ्यावर सवय टिकते. मीलवर्म फ्रिजच्या दारात, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात महिनाभर राहतात, फक्त गेकोला देण्याआधी बाहेर काढून त्यांना खाऊ घालावे लागते. सुपरवर्म आणि रातकिडे मात्र फ्रिजच्या थंडीत मरतात. स्वयंपाकाच्या भांड्यांशी या डब्यांचा संबंध नको आणि हाताळल्यावर साबणाने हात धुणे चुकवू नये, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला घरात येतो. लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगतो. एवढ्या काळात दुकाने बंद पडतील, शहरे बदलतील, किड्यांवर रोग येतील. यांतले काहीच आपल्या हाती नाही. नवा किडा समोर आला की त्याला चाटून पाहून गिळणारा गेको तयार करणे मात्र आहे, आणि त्याला तीन आठवडे, एक चिमटा व एक वजनकाटा एवढेच लागते.